हलक्या पात्याचा पंखा

चार जण चहाले बसले की आमच्या वर्कशॉपचे किस्से निघतेच. राळेगावात आम्ही कूलरचे पंखे बनवतो. पंखे खपत नाहीत, म्हणून किस्से साचतेत. धंदा चालला असता तं गप्पा माराले फुरसत कोणाले होती!

मालक दिवाकरभाऊ. त्यायले एकच येड: पातं स्वस्त पाहिजे, हलकं पाहिजे अन् लाइट कमी खाल्ली पाहिजे. पत्रा कापते त्यायची बायको, कमलवहिनी. मोटर मी बसवतो. या उन्हाळ्यात मोठी ऑर्डर नाही आली तं शटर खाली, हे तिघायलेही माहीत.

•

पहिला पंखा तयार झाला. बटन दाबलं, तं समोरचा पडदाच पंख्याकडं धावला! पाती उलटी वळवलती.

भाऊ म्हणे, "ओढून तं मस्त राह्यला!"

वहिनी म्हणे, "हो, आता गिऱ्हाईकाले कूलरच्या मागं बसवा."

•

भाऊनं डिझाइन केलं आमच्या व्होल्टेजवर. दुपारी आमच्याकडं बल्बही मरतुकडा जळते. तेवढ्या लाइनवरही पंखा झकास फिरे. एक पंखा यवतमाळले भाऊच्या साळ्याच्या घरी कूलरमधी लावला. तिथं फुल लाइन!

साळ्याचा फोन, "भाऊजी, तुमचा कूलर थरथरत दारापर्यंत आला. चहा देऊ का निरोप देऊ?"

•

ढाणकीच्या बाजारात गेलतो. भाऊ मोठ्या कौतुकानं सांगे, "बिल्कुल आवाज नाही!"

एका बाईनं कान लावला. "काहून? बिमार हाय का?"

बाजूचा खडखड्या पंखा घेऊन गेली. आवाज नाही म्हणजे हवा नाही, आपल्याकडचा हिशोबच असा. भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. लई जीव तुटला माझा.

•

शेवटी यवतमाळचा मोठा दुकानदार शेठ स्वतः आला. बटन दाबलं अन् लाइन गेली! आम्ही तिघं मेल्यावानी बसलो.

तेवढ्यात दारातून गरम वारा आला अन् पंखा हळूहळू फिराले लागला. भाऊच्या डोळ्यात पाणी. "पाहा शेठ! नुसत्या वाऱ्यानं फिरून राह्यला. इतकं हलकं पातं हाय!"

शेठनं बटन बंद केलं. पंखा फिरतच. पिन काढली. तरी फिरतच. शेठ दोन पावलं मागं सरला.

"बंद केल्यावरही बंद होत नाही! असा बिघडेल माल देऊ? गिऱ्हाईक मारन मले!"

गाडी गेली. भाऊनं हातानं पातं धरून थांबवलं.

"कमल," म्हणे, "उद्यापासून जाड पत्रा काप."