कुरामोचींचे कपडे समुद्राने नेले

आमच्या सराईची गरम कुंडं समुद्रातच आहेत. ओहोटी लागली की काळ्या खडकातली तीन कुंडं उघडी पडतात, तळातून कढत पाणी उसळतं. भरती आली की सगळं गडप. पाणी सोसेल की नाही हे कोपर बुडवून बघायचं आणि भरतीच्या आधी घंटा वाजवून पाहुण्यांना वर बोलवायचं, हे मित्सुयोमावशीचं काम. सतराव्या वर्षी लागली, ती अजून तिथेच. मी तिच्या हाताखाली शिकले.

ती अठ्ठावीसची असताना कुरामोची नावाचे घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ एका दिवसापुरते आले. घंटा झाली, बाकीचे निघाले, हे आपले गळ्यापर्यंत पाण्यात.

"अहो, वर या! पाणी चढतंय!"

"अजून अकरा मिनिटं आहेत," ते डोळे मिटूनच म्हणाले. "घड्याळ आहे माझ्या हातात."

"समुद्राच्या हातात नाहीये ना पण!"

तेवढ्यात लाट आली. त्यांच्या डोक्यावरून गेली आणि परतताना काठावरची कपड्यांची टोपली घेऊन गेली. शर्ट, पँट, बूट, सगळं डुलत डुलत निघालं.

"बाई," कुरामोची बारीक आवाजात म्हणाले, "आता मी वर येऊ कसा?"

मावशीने पाठ फिरवली आणि टॉवेल मागे फेकला. सराईचे किमोनो त्या दिवशी नेमके धुऊन ओले होते, म्हणून तिने स्वतःचा, निळ्या फुलांचा दिला. तो त्यांच्या गुडघ्यापर्यंतच आला. तसेच ते बसमध्ये चढले. बसमधल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "रंग खुलतो हो तुम्हाला!"

महिन्याने ते किमोनो इस्त्री करून घेऊन आले. पुढच्या महिन्यात परत करायला काहीच नव्हतं, तरी आले. असे सात महिने गेल्यावर सराईच्या मालकीणबाईच म्हणाल्या, "अगं मित्सुयो, या माणसाला एकतर हो म्हण, नाहीतर बसचा पास तरी काढून दे!"

ती हो म्हणाली. कुरामोचींनी शहरातलं दुकान हलवून इथे बसथांब्यामागे मांडलं.

"काय पाहिलंस गं त्यांच्यात?" मी एकदा विचारलं.

"बसमधली गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली मला," मावशी म्हणाली. "सांगताना इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, याच्याबरोबर जमेल."

जमलं. परवा लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. कुरामोचींनी बांगडा भाजला, थोडा करपवला, आणि आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला.