टोकावड्याच्या मामांना पत्रिका

अठ्ठ्याण्णव साल. ऑफिसातल्या वंदनाच्या धाकट्या बहिणीचं मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावी लग्न, आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी जॉर्जियातली पत्रमैत्रीण नीनो डोंबिवलीत येऊन थडकलेली. म्हटलं, चल, तूही!

कल्याणहून मुरबाड, तिथून माळशेजकडची एसटी. तुम्ही जाल तर सकाळचीच पकडा, दुपारच्या गाडीचा भरवसा नाही. वाटेत टोकावड्याला धाब्यावर मिसळ आणि चहा, वीस रुपयांत दोघींचं पोट भरलं.

एसटीत जो तो ड्रायव्हरला मामा म्हणत होता. नीनो चक्रावली. "आमच्याकडे मामा म्हणजे वडील. तुमचे इतके वडील?" मी आईच्या भावाचं समजावलं. दोन्ही भाषांची लांबचीही सोयरीक नाही, तरी शब्द तोच, याचं तिला भारी नवल. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझे लढाईवर गेले. परत आले नाहीत."

मांडवात मुहूर्ताची घटका आली, भटजींनी नवरीच्या मामांना पुकारलं. मामाच नाहीत! थोरल्या मामाला अक्षत घेऊन स्वतः बोलवायला जायचं असतं. वंदनाच्या वडिलांनी घाईत पत्रिका एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली. मामा रुसून टोकावड्याला आपल्या घरीच बसले. आतून नवरी रडत म्हणाली, "मामा नाय आला तं मी नाय उठायची."

"माझंच चुकलं," म्हणत वडील फेट्यासकट टेम्पोत चढले. मुहूर्त टळला. वऱ्हाडी कुजबुजू लागले. माझाच जीव टांगणीला लागला.

तासाभराने टेम्पो आला. "माझी पोर ताटकळली रे," म्हणत मामा धावतच आत गेले आणि भाचीला हाताला धरून घेऊन आले. मी रडले, नीनो माझ्याहून जास्त.

जेवताना मी मामांना तिच्या वडिलांचं सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लगीन ठरलं का सांग गो. आमी हाव ना." मी तिला अर्थ सांगितला.

घरी आल्यावर फोटोंचा रोल धुताना बिघडला, हाती काहीच उरलं नाही असं वाटलं. पुढच्या वर्षी जॉर्जियाहून पाकीट आलं. नीनोचं लग्न! आत दोन पत्रिका, एक माझी, दुसरीवर मामांचं नाव. इतक्या लांब कुणी जाणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

मी रजा टाकली, सकाळची गाडी पकडली आणि टोकावड्याला जाऊन पत्रिका मामांच्या हातात दिली. वर अक्षताही ठेवल्या.