जिभेखालची गोळी

हे मी अजून देवापुढेसुद्धा बोललेलो नाही. आणि देवापुढे बोलणं हे तर आमच्या वाडीत माझंच काम. कुणाकडे कार्य असो, आजार असो, नवीन गाडी असो, नारळ ठेवून देवाला उद्देशून मोठ्याने साकडं घालायचं, ज्याला आम्ही गाऱ्हाणं म्हणतो, ते मी घालतो. माझा आवाज चांगला आहे. शब्द अडत नाहीत. मी बोलतो आणि मागे उभे असलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. इतकी वर्षं लोकांनी माझ्या बोलण्याला होकार भरला — त्याचाच मला माज चढला होता. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, याहून सभ्य शब्द शोधायची माझी इच्छा नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जामसंड्यापासून थोड्या अंतरावर आमचं गाव, थोडी आंब्याची कलमं, थोडी भातशेती. ते सगळं थोरल्या भावाने, दादाने, सांभाळलं. मी मुंबईला एका औषध कंपनीत नोकरी केली. कसली नोकरी? पॅकिंग खात्यात. तयार बाटल्या खोक्यांत भरायच्या आणि खोक्यांवर पट्टी मारायची. पण निवृत्त होऊन गावी आलो तर लोक मला "डॉक्टर" म्हणू लागले. सुरुवातीला थट्टेने, मग खरोखरच. कुणाची साखर वाढली, कुणाचे गुडघे धरले की माझ्याकडे. मी एकदा तरी म्हणालो का, की बाबांनो, मी खोक्यांना पट्ट्या मारत होतो? नाही म्हणालो. मला ते आवडत होतं.

दादा मात्र मला कधी काही विचारत नसे. हे लक्षात ठेवा — सबब म्हणून नाही, नुसतं घडलं तसं सांगतोय. आयुष्यभर तो सांगणारा आणि मी ऐकणारा. मग त्याच्या छातीत दुखलं, कोल्हापूरला नेलं, हृदयात स्टेंट बसवली. गावात तिला स्प्रिंग म्हणतात. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि डॉक्टरांनी दादाला, वहिनीला आणि मला, तिघांनाही समोर बसवून सांगितलं की या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत. मी तिथे होतो. माझ्या कानांनी ऐकलं.

परत येताना घाट उतरून फोंड्याला चहाला थांबलो, तर दादा चहा बाजूला सारून म्हणाला, "माजां पोट जळता रे ह्या गोळ्यांनी." आणि घरी आल्यावर पहिल्यांदाच तो माझ्या पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "डॉक्टरा, तुजां काय म्हणणां?"

त्या एका वाक्याने मी फुगलो. साठी उलटलेला माणूस, आणि थोरल्या भावाने विचारलं म्हणून फुगलो!

माझ्या फोनवर त्याच सुमारास कुणीतरी एक लेख पाठवला होता. आपल्या आतड्यांत असंख्य जंतू राहतात, आपण खातो त्यावर तेही जगतात. मांस, अंडी यांतल्या काही द्रव्यांपासून त्यांतले काही जंतू एक पदार्थ तयार करतात, तो यकृतात जाऊन बदलतो, रक्तात उतरतो, आणि रक्तवाहिन्या खराब होण्याशी त्याचा संबंध दिसतो. असं त्यात होतं. ते खोटं नव्हतं, अजूनही नाही — मोठमोठे लोक त्यावर काम करतायत. लेख खोटा असता तर बरं झालं असतं, निदान मी फसलो असं म्हणता आलं असतं. मी दादाला तो लेख वाचून दाखवला. गाऱ्हाणं घालतो तसा, आवाज चढवत, थांबत. आणि त्याला माझ्या पदरचं जोडलं — की दुखण्याचं मूळ पोटात आहे, ह्या गोळ्या पोटच जाळतायत, चांगले जंतूसुद्धा मारतायत. महिनाभर गोळ्या बंद ठेव. आंबवलेली पेज घे, ताक घे, सोलकढी घे. पोट सुधारलं की काळीज आपोआप सुधारेल.

"तू सांगतस म्हणजे खरांच असतलां," दादा म्हणाला.

लेखाच्या शेवटी एक परिच्छेद होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे संशोधन अजून चालू आहे, आणि हृदयाची औषधं कुणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. मी तो वाचला होता. दादाला वाचून दाखवताना मी तिथे थांबलो आणि फोन खिशात टाकला. का? कारण त्याने माझ्या बोलण्यातली सगळी रंगत गेली असती. एवढंच कारण. याच्याखाली दुसरं काही मोठं कारण लपलेलं नाही, मी शोधून पाहिलंय.

पण तुम्हाला वाटत असेल की कबूल करायचं ते हेच. नाही. अजून आहे.

दादाला वहिनीची काळजी होती. ती रोज सकाळी पेज झाली की गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर यायची. तिला गोळ्या बंद केल्याचं कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. तर मी त्याला युक्ती शिकवली. लहानपणी मी तापाची कडू गोळी फसवायचो तशी. गोळी जिभेखाली धरायची, वर पाणी प्यायचं, आणि मागीलदारी जाऊन थुंकायची. मी त्याला पडवीत बसून करून दाखवलं, शेंगदाणा जिभेखाली धरून. दोघे म्हातारे पोरांसारखे हसलो. तो हसताना मला अजून दिसतो, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याच्यावरही राग येतो. एवढी कलमं जगवलेला, माणसं ओळखणारा माणूस, माझ्यासारख्याचं ऐकायला तुला कुणी सांगितलं होतं?

आंब्याच्या हंगामात गेला. खळ्यात बसून पेटीत गवत पसरत होता, तिथेच आडवा झाला. गाडीत घातला तेव्हा श्वास होता, दवाखान्यात पोचलो तेव्हा नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, गोळ्या नियमित चालू होत्या ना? दवाखान्यात, कचेरीत मी शुद्ध मराठीत बोलतो. मी म्हणालो, "त्यांच्या गोळ्यांचं सगळं वहिनी बघायच्या."

हे ते वाक्य. दादाला मारलं ते माझ्या मूर्खपणाने, असं एक वेळ कुणी म्हणेल. पण हे वाक्य मूर्खपणाने आलं नाही. ते मी पूर्ण शुद्धीवर, पुढचं सगळं दिसत असताना बोललो.

पुढे काय होणार होतं? तेच झालं. मुंबईहून मंगेश आला, दादाचा मुलगा, आणि चारचौघांत आईवर ओरडला, "आई, तुका साध्या गोळ्यो बघूक येवक नाय?" मी तिथेच खुर्चीत होतो. आणि मी काय केलं माहीत आहे? सांत्वनाला आलेल्यांपुढे तोच लेख परत काढला. घरात रोज मासे, तेलात बुडवलेलं सारं, पोटातल्या जंतूंना खाऊ, मग हृदय काय करणार, असं सांगत बसलो. लोक माना हलवत होते आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. त्या दिवसापासून वहिनीने मासे सोडले. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या घरातली बाई, आज कितीतरी वर्षं डाळीशी भात खाते.

पावसाआधी मागीलदारचा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, साफ करताना तिला फटींत गोळ्या सापडल्या. विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. ओच्यात घेऊन ती आधी माझ्याकडेच आली. "भावजी, ह्यां बघा. तेंनी गिळूकच नाय. मी तांब्यो दिलंय नि रांदपाक गेलंय. माजांच लक्ष नाय ऱ्हवलां." आणि रडली. ती वेळ होती. आम्ही दोघंच होतो, तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "जाऊंदे वयनी, तेचां नशीब." तिने त्या गोळ्या चुलीत टाकल्या. नंतर ती आपणहून सगळ्यांना सांगत सुटली की चूक तिचीच.

म्हाळाच्या दिवशी, पितरांना पान वाढल्यावर, गाऱ्हाणं अर्थातच मी घातलं. "ह्या घरातल्या कोणाकडसून कळत नकळत काय चूक झाली आसात, तर ती पदरात घे रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती हात जोडून उभी होती. मी आवाज जरासुद्धा कापू दिला नाही.

मंगेश आता फोन करतो तो मला. आईची तब्येत कशी आहे, हे तो मला विचारतो. मी म्हणतो, बरी आहे.

गेल्या वर्षी माझ्याही छातीत दुखलं. तेच कोल्हापूर, तीच स्प्रिंग, त्याच गोळ्या. माझी बायको कधीच गेली, मुलंबाळं नाहीत. शेजारच्या घरातून वहिनी रोज सकाळी माझ्यासाठी पेज घेऊन येते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या तिने आपल्या ताब्यात ठेवल्या आहेत. "एकदा चुकलंय, आता नाय चुकूचंय," म्हणते. मला तिचा राग येतो. इतका येतो की पेजेचं भांडं उचलून अंगणात फेकावं आणि ओरडून सांगावं. फेकत नाही. सांगत नाही. पेज पितो.

मग ती गोळी माझ्या हातावर ठेवते, तांब्या देते, आणि समोरून हलत नाही. मी गिळतो.

"तोंड उघडा भावजी. जीभ वर करा बघया."

मी तोंड उघडतो. जीभ वर करतो. ती पदर सावरून वाकते, उजेडाकडे माझी हनुवटी वळवते आणि नीट बघते. तिला तिथे काही सापडत नाही.