फोटॉनची जोडी आणि शेजारची तालीम

धूळ येऊ नये म्हणून आम्ही लॅबच्या खिडक्यांना डबल पडदे लावले होते. किस्से कुठून आत शिरायचे कोण जाणे!

मोबाईल नुकते खिशात आले होते तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या लाकडी माडीवर आमचे सर फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या जोड्या बनवायचे. एकाचं मोजमाप घेतलं की लांबच्या दुसऱ्याचंही कळावं, असं त्यांचं नातं. पण भलतंच नाजूक! जरा उजेड, जरा हादरा, की खेळ खलास. ही जोडी थोडा वेळ टिकवून दाखवायची, यावर माझ्याबरोबरच्या वैशालीची पीएचडी अडकली होती.

*

शिपाई दत्तूमामांनी एकदा दार उघडून ट्यूबलाईट लावली. "अंधारात का बसलायसा?"

सर किंचाळले, "मामा, फोटॉन गेले!"

"कुठं जात्यात? दार लावलंय की मी!"

*

हादरे शोषणारं इम्पोर्टेड टेबल परवडेना. सरांनी आपल्या स्कूटरच्या ट्यूब काढून टेबलाखाली घातल्या आणि स्वतः बसनं यायला लागले. हवा भरायला पंक्चरवाला आला.

"गाडी कुठाय?"

आम्ही टेबल दाखवलं. त्यानं शांतपणे पंप लावला. "फुडं जरा जास्त भरतो. वळताना बरं पडतंय."

*

शेजारी तालीम. पैलवान आपटला की आमचा संगणकावरचा आलेख उडायचा. सर हात जोडून वस्तादांकडे गेले आणि फोटॉन समजावून सांगितले.

वस्ताद विचारात पडले. "एकमेकाला न बघता दोघं जुळवून डाव टाकत्यात? कुठल्या तालमीतली हायती?"

*

व्हायव्हाच्या दिवशी बाहेरगावच्या परीक्षकांनी अटच घातली. "जोडी माझ्यासमोर टिकवा, नाहीतर थिसिस परत!" वैशालीचा चेहरा उतरला. मी तालमीत धावलो. वस्तादांनी एका आरोळीत सगळे पैलवान जागच्या जागी बसवले.

तरी आलेख थरथरतच होता! मला तर रडूच यायला लागलं.

मग वस्ताद स्वतः वर आले. माडीच्या फळ्यांना तळहात लावत लावत व्हरांड्यात पोचले. तिथं बाकावर गडहिंग्लजहून आलेले वैशालीचे वडील बसले होते. लेकीच्या काळजीनं त्यांचा पाय असा हलत होता, की बाकासकट जमीन हादरत होती.

"पाय आवरा, पावणं!"

त्यांनी तो आवरला. दुसरा हलायला लागला.

वस्तादांनी दोन पैलवान वर बोलावले आणि वैशालीच्या वडिलांच्या एकेका मांडीवर एकेक बसवला.

आलेख स्थिर झाला. बऱ्याच वेळानं परीक्षक हसत बाहेर आले. "अभिनंदन! तुमची मुलगी डॉक्टर झाली!"

पैलवानांच्या मागून बारीक आवाज आला, "मग आता हलू का?"