त्याच्या नाकाचं दुखणं

"खरं सांग, डावीकडे वाकलंय ना?" नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून तो विचारायचा. सिंगापूरला वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं पुण्याचे इंजिनीअर तीन वर्षं एकत्र राहिलो. तेवढ्या काळात हा प्रश्न किती वेळा ऐकला, देव जाणे.

नाक सरळ होतं. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही हेच म्हणाला असतात. मी आधी चेष्टा करायचो. "कोन मोजायला कंपास आणू का?" तो हसायचा आणि बाथरूममध्ये जाऊन तासभर आरशासमोर उभा राहायचा.

एकदा दिवाळीला आम्ही सगळे लिटिल इंडियात जेवायला जमलो, तर हा मधूनच गायब. बसस्टॉपवर एकटाच बसलेला सापडला. "तुम्ही जेवा रे. माझ्याकडे बघून लोकांचा घास अडतो."

त्या दिवशी माझी चेष्टा संपली. मग त्याने विचारलं की मी 'सरळ आहे' एवढंच सांगायचो.

पुढे तो प्लास्टिक सर्जनकडे गेला. त्यांनी ऑपरेशनला नकार दिला आणि एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. एकटा जाईना, म्हणून मीही सोबत गेलो. त्या बाईंनी नाकाची तपासणी केलीच नाही.

"दिवसाचे किती तास यात जातात?"

"पाच. कधी सहा."

"काय काय सोडावं लागलं?"

त्याने नाकावर तळहात धरला. "दोन वर्षं आईला तोंड दाखवलेलं नाही."

"याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याला जेमतेम दिसेल किंवा दिसणारही नाही, असं व्यंग माणसाला छळत राहतं. हा नखरा नाही, आजार आहे. उपचार आहेत."

"याला नाव आहे?" तो ओंजळीत तोंड घालून रडला. "मला वाटलं, असा मी एकटाच."

उपचारात मलाही एक काम मिळालं. त्याने विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. माझ्या 'सरळ आहे'ने तो घटकाभरच शांत व्हायचा आणि पुन्हा विचारायचा. तो विचारायचा, मी भांडी घासत राहायचो. "मित्र ना तू?" एकदा तो ओरडला. हातातली ताटली निसटली. ती उचलून मी पुन्हा घासायला घेतली.

हळूहळू तो प्रश्न थांबला. आमचं बोलणंही आटलं. वर्षभराने पुण्यात नोकरी धरून तो गेला.

परवा ऑफिसातल्या एकाने मोबाइलवर त्याच्या लग्नाचा फोटो दाखवला. भर उन्हात, सगळ्यांच्या मधोमध तो हसत उभा होता. मला बोलावणं नव्हतं. त्या दिवसांचा साक्षीदार मांडवात कशाला हवा, हे मला कळतं.

"ओळखतोस याला?" सहकाऱ्याने विचारलं.

"एका फ्लॅटमध्ये राहायचो," मी म्हणालो आणि मोबाइल परत दिला.