गेस्टहाउसमधला एकच पॅन

म्युनिकहून समुद्रापर्यंत एका दमात गाडी हाकणं काही खरं नव्हतं, म्हणून वाटेत मुक्काम केला. खर्च वाटून घ्यायचा म्हणून गाडी मिळून भाड्यानं घेतलेली: मी, ऑफिसातला एक मराठी सहकारी आणि पुण्याहून आलेली त्याची आई, म्हणजे काकू. गावही स्वस्तातलंच निवडलं होतं. एक रस्ता, एक बंद बेकरी, आणि रविवार असल्यामुळे बाहेर चिटपाखरू नाही.

गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात पॅन एकच. आम्ही पोचलो तेव्हा मालकीणबाई त्यात डुकराचे सॉसेज परतत होत्या. त्यांचं झाल्यावर काकूंनी पॅन नळाखाली धरला, एकदा हात फिरवला आणि सगळ्यांसाठी धिरडी घातली. छान झाली होती. मी दोन जास्तच खाल्ली.

जेवताना काकूंनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला, तेही. मी म्हटलं, "आम्ही बौद्ध." काकू "असं का" म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या.

सकाळी मी त्याच पॅनमध्ये कांदेपोहे केले. काकू म्हणाल्या, भूक नाही. मग त्यांनी पॅन घेतला, साबणानं घासला, वर किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, पुन्हा घासला आणि स्वतःपुरतं एक धिरडं घातलं.

अशा वेळी गप्प बसायचं, हे मी लहानपणीच शिकलेय. पप्पा म्हणायचे, शिकावं, पुढे जावं, कुणाच्या तोंडी लागू नये. शिकले, पुढे गेले, पार जर्मनीत आले. तर हे इथंही माझ्याआधी येऊन बसलेलं. माझं डोकंच फिरलं.

"काकू, काल याच पॅनमधलं डुक्कर साध्या पाण्यानं गेलं," मी म्हणाले. "माझे पोहे उकळत्या पाण्यानंही जात नाहीत?"

काकूंनी धिरडं उलटलं. मुलगा हळूच म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. आई जुन्या वळणाची आहे. अजून अख्खी ट्रिप एकत्र काढायचीय."

मी म्हटलं, मलाही काढायचीय, पण मान खाली घालून नाही. आणि पोह्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं खाल्ले, आईकडे पाठ करून.

उरलेले पोहे मी डब्यात भरले. गाडीत पुढची सीट माझ्यासाठी रिकामी होती. मी मागे काकूंच्या शेजारी बसले आणि डबा दोघींच्या मधोमध ठेवला, झाकण काढून.