साळवीसाहेबांच्या होडीला जागा

नदीकाठी नोकरी केलेल्या माणसाला नुसतं "मग?" म्हणून बघा, तासभर उठणार नाही. माझंही तसंच आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी लाखांदूरकडच्या एका गावात, वैनगंगेचं पाणी मोजायच्या केंद्रावर क्लार्क होतो. रजिस्टरमध्ये पाण्याची उंची तेवढी लिहायची. बाकीचं सगळं डोक्यात साठत गेलं, आणि त्यातलं निम्मं आमच्या साळवीसाहेबांच्या होडीचं आहे.

साहेब रत्नागिरीकडचे इंजिनियर. बदली होऊन आले ते ट्रंक, वळकटी आणि चक्क शिडाची लाकडी होडी घेऊन! ट्रकवर! वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेली. वडील गेल्यावर भावांनी ती विकायला काढली, तर हे उचलून इकडे घेऊन आले. अख्खं गाव बघायला जमलं. केंद्राचा नावाडी अंताराम, सारा जन्म डोंग्यात, म्हणजे एका खोडातून कोरलेल्या अरुंद नावेत, गेलेला. त्यानं फळीवर टकटक करून "लाकूड मस्त आहे जी" असं सर्टिफिकेट दिलं.

होडी बांधायची कुठे, हे ठरवायला साहेबांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "इथे भरती किती वाजता येते?"

अंताराम शांतपणे म्हणाला, "सावनात, साहेब. वोसरते ते दिवारीले!"

*

साहेब पद्धतशीर माणूस. तीन दिवस बांबूनं पाण्याची खोली मोजत फिरले. शेवटी गावघाटाच्या पायऱ्यांची जागा पसंत केली. पाणी खोल, दगडात लोखंडी कडी पक्की. होडी बांधली, लांबून डोळे भरून बघितली.

सकाळी अंतारामची बायको रुखमाबाई धुण्याचं टोपलं घेऊन आली. मागे दहा-बारा बाया.

"साहेब, नाव बांधा, आमचं काई म्हननं नाई. मंग कपडे कुठं धुवाचे? तुमच्या ऑफिसात?"

साहेबांनी स्वतःच्या हातानं दोर सोडला.

*

मग डोहाजवळच्या झाडाखालची जागा ठरली. सावली होती, धार कमी होती. साहेबांनी आखूड दोरानं होडी अगदी कसून बांधली. वरच्या अंगाला पाऊस होऊन गेला होता, नदी भरलेली होती. सकाळी बघतो तर पाणी चार-पाच फूट उतरलेलं आणि होडी झाडाला नाकानं लटकलेली!

साहेब खजील. अंतारामनं होडी उतरवली, फळ्या तपासल्या, आणि दोर चांगला वीस हात लांब करून दिला.

"जनावराले चराले सोडतो तसा दोर ठेवा जी. इले बी खालीवर फिराले लागते."

साहेबांनी हे डायरीत लिहून घेतलं. मी स्वतः बघितलं!

*

एका रविवारी साहेबांनी शीड उभारलं. काठावर जत्रा. होडी ऐटीत मधोमध गेली आणि तिथेच उभी राहिली. अर्धा तास झाला, एक तास झाला. शेवटी अंताराम डोंगा घेऊन गेला.

"काय झालं जी?"

"वारा पडला."

अंतारामनं पाण्यात वाकून बघितलं. "कुठं पडला? दिसून नाई राहिला!"

साहेब एवढे हसले की होडी हलायला लागली.

*

आता त्या वर्षीच्या मोठ्या पुराचं सांगतो. दोन दिवस पाणी चढत होतं. साहेब डोहावर आणखी एक दोर बांधायला निघाले, तर अंताराम म्हणाला, "नाव माह्या आंगनात आना."

"अंगणात? नदी दोन फर्लांग लांब आहे!"

"येऊन राहिली ना ते."

आठ माणसांनी होडी ओढत नेली आणि त्याच्या चिंचेला बांधली. लोक हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी होडी त्याच अंगणात तरंगत होती. हसणारे शाळेच्या टेकाडावर जाऊन बसले होते. साहेब आणि मी मात्र होडीसाठी अंतारामकडेच थांबलो होतो.

अंतारामची पोरगी सुमन बाळंतपणाला माहेरी आलेली. नेमक्या त्याच वेळी तिला कळा सुरू झाल्या. डोंग्यात तिला निजवायला जागा नव्हती. होडीत निजवलं. रुखमाबाई तिच्याजवळ, साहेब सुकाणूवर, अंताराम पुढे बांबू घेऊन, आणि मी पाणी उपसायला. बुडालेल्या धानावरून शाळेकडे जायचं होतं, पण धार नदीकडे ओढत होती. वल्ह्यानं जमेना. साहेबांनी शीड उभारलं. मागून वारा होता. होडी सरळ धार कापत निघाली.

अर्ध्यावर रुखमाबाई ओरडली, "थांबवा! नाव हलवू नोका!"

साहेबांनी शीड पाडलं. पाण्यावर अंतारामच्याच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, बाभळीचा शेंडा तेवढा दिसत होता. अंतारामनं तो दोन्ही हातांनी धरला. हात रक्तानं माखले, पण सोडला नाही. आम्ही तिघे बाप्ये पाठ करून बसलो.

मग बाळ रडलं. त्याच्यापाठोपाठ साहेब!

पूर ओसरल्यावर ग्रामसेवक अंतारामच्या घरी जन्माची नोंद करायला आला. "मुलगी. बरं. जन्म कुठे झाला? घरी की दवाखान्यात?"

रुखमाबाई आतून म्हणाली, "बाभरीजवरच्या आमच्या बांधीत लिवा जी. फक्त धानाच्या आठ फूट वर!"